विलायती पिलाचा कागद

माझं लग्न झालं त्याला तेव्हा दीड वर्ष झालं होतं. शहाद्याजवळचं सासर, केळीचे मळे, कापूस, थोडा ऊस. मी धुळ्याला मामांकडे राहून अकरावी पास झालेली. आमच्या गावात तेवढी शिकलेली दुसरी सून नव्हती. सासऱ्यांना, म्हणजे आम्ही ज्यांना आबा म्हणायचो त्यांना, याचं फार कौतुक होतं. पाहुणे आले की ते मला पाणी घेऊन बाहेर बोलवायचे आणि सांगायचे, "हाई मन्ही सून. इंग्रजी वाचस." मी पदर सावरून आत पळायची. माझं इंग्रजी म्हणजे धड्याखालचे प्रश्न आणि पाठ केलेली उत्तरं. पण हे कुणाला सांगणार?

त्या वर्षी रानडुकरांनी मळ्यात फार नासधूस केली. त्याच सुमारास आबा रनाळ्याला एका लग्नाला गेले आणि तिथे त्यांनी यजमानांच्या दारात विलायती कुत्रा बघितला. उभे कान, काळी पाठ. तो नुसता उठून उभा राहिला तरी वऱ्हाडी दोन पावलं मागे सरत होते म्हणे. आबा परत आले ते त्या कुत्र्याचं वर्णन करतच. नंदुरबारला स्टेशनामागे एक माणूस अशी पिलं विकतो, आणि पिलासोबत जातीचा छापील कागद देतो, एवढी माहिती त्यांनी काढून आणली होती. कागद इंग्रजीत असतो. म्हणून मी बरोबर जायचं ठरलं. यांचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं, शिक्षण मराठी सातवीपर्यंतचं, त्यामुळे यांचा प्रश्नच नव्हता. सासूबाई म्हणाल्या, "कुत्रानाबी कागद ऱ्हास का?"

एसटीने तापी ओलांडून आम्ही नंदुरबारला पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. स्टेशनामागे पत्र्याची एक शेड, तिच्यापुढे बाज टाकलेली. तो माणूस पांढऱ्या सदऱ्यात, केसांना तेल, बोलायला गोड. आपण रेल्वेत होतो, भुसावळचे गोरे साहेब देश सोडून जाताना त्यांची कुत्री आपल्या हवाली करून गेले, असं त्याने आम्हाला सांगितलं. मग त्याने शेडच्या आत नेलं. कोपऱ्यात गोणपाटावर एक मोठा थोरला कुत्रा आडवा पडला होता आणि त्याच्या पोटाशी तीन पिलं झोपली होती.

"माय शे ती," तो म्हणाला. "जवळ जाऊ नका. बाळंतीण शे, चावा घेई."

आबा दोन पावलं पुढे गेले होते, ते थांबले. वाकून बराच वेळ बघत राहिले. मला आठवतं, त्यांनी कपाळाला आठी घातली आणि मग माझ्याकडे वळून बघितलं. मी त्या वेळी पिलांकडे बघत होते. त्यांतलं एक उठून आमच्याकडे आलं. पाठ काळीभोर, कान ताठ. त्याने आबांच्या जोड्याचं टोक चावलं आणि तिथेच निवड झाली.

मग कागद आला. जाडसर, पिवळा पडलेला, वरचा भाग फाटलेला, खाली जांभळा शिक्का. विकणाऱ्याने तो आबांच्या हातात दिला. आबांनी माझ्या हातात दिला.

"वाच बेटा. काय लिखेल शे?"

मी वाचायला लागले. अक्षरं सगळी ओळखीची, शब्द अर्धे. ऑइल होतं. क्लीन होतं. मऊ फडकं होतं. नीडल म्हणजे सुई, ते मला पक्कं माहीत होतं. कुत्र्याला सुई? मग वाटलं, इंजेक्शन असेल, साहेबांची कुत्री इंजेक्शन घेत असतील. पुढे एका वाक्यात चाक होतं. चाक आपल्या दिशेने फिरवा, असं काहीतरी. ते चाक कुठे बसवावं मला कळेना. मी ते वाक्य पुन्हा वाचलं. दोघं माझ्याकडे बघत होते. विकणारा जरा जास्तच शांत उभा होता.

माझ्या मनात आलं की हे काहीतरी निराळंच आहे. लगेच दुसरं आलं की तुझंच इंग्रजी कच्चं आहे. आणि तिसरं असं की आबांचा जन्म गुराढोरांत गेला, त्यांनी मायसुद्धा बघितली, ते काय फसणार आहेत?

"तेल लावायचं म्हणतात," मी म्हणाले. "स्वच्छ ठेवायचं. इंजेक्शन द्यायचं."

"आनि जात?"

"जात वर लिहिलेली असेल. तेवढंच फाटलंय."

आबांनी मान हलवली आणि पैसे दिले. पिलू टोपलीत घालून आम्ही दुपारच्या गाडीने परत आलो. टोपली मांडीवर घेऊन मी सारा रस्ता चाकाचा विचार करत होते.

आबा जे करायचं ते नेमाने करणारे. कागदात तेल लिहिलंय म्हटल्यावर त्यांनी दुसऱ्याच दिवशी ओट्यावर बसून पिलाला तेल लावायला घेतलं. थोड्या वेळाने मला हाक आली. त्यांचे दोन्ही तळहात काळे झाले होते. पिलाची पाठ मातकट तांबूस दिसत होती, आपल्याकडच्या कुठल्याही कुत्र्याची असते तशी. तळहाताला बुटाच्या पॉलिशचा वास येत होता.

"रंगनं काही लिखेल शे का कागदमा?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हणाले. हे मात्र खरं होतं.

"लहानपनना रंग ऱ्हाई," ते म्हणाले आणि हात धुवायला गेले. ते मला समजावत होते की स्वतःला, काही कळलं नाही. आठवडाभरात कानही पडले, आधी डावा, मग उजवा. कानांच्या आत वाळलेल्या डिंकाचे खडे सापडले. सासूबाईंनी ते नखाने काढून आबांसमोर ठेवले. आबा म्हणाले, गाडीत पिलाला काही चिकटलं असेल.

राहिलं इंजेक्शन. आबांच्या आग्रहावरून आम्ही पिलू शहाद्याच्या गुरांच्या दवाखान्यात नेलं. गर्दी होती. आबा बाहेर लिंबाखाली पिलू धरून बसले आणि कागद घेऊन मला आत पाठवलं. डॉक्टर वयस्कर होते, पुण्याकडचे असावेत. त्यांनी कागद उलटसुलट बघितला, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा बघितला.

"बाई, हे तुम्हाला कुणी दिलं?"

"पिलासोबत मिळालं. जातीचा कागद आहे."

"हा शिलाई मशीनचा कागद आहे," ते म्हणाले. हसले नाहीत, ते बरं केलं. "सुई कशी बसवायची, तेल कुठे घालायचं, ते लिहिलंय यात. पिलू आणा, बघतो मी. पण हा कागद त्याचा नाही."

मी बाहेर आले. लिंबाखाली आबा एका ओळखीच्या शेतकऱ्याला पिलाचे पंजे दाखवत होते. पंजे मोठे असले की कुत्रा मोठा होतो, असं सांगत होते. मला बघून त्यांनी विचारलं, "काय म्हने डॉक्टर?"

"आत बोलावलंय," मी म्हणाले.

एवढंच म्हणाले. त्या क्षणी सांगता आलं असतं. आत डॉक्टरांनी गर्दीत पिलाला इंजेक्शन दिलं, कागदाचा विषय पुन्हा काढला नाही. संध्याकाळी सांगता आलं असतं, दुसऱ्या दिवशी सकाळी चहा देताना सांगता आलं असतं. दर वेळी मी तोंड उघडायची आणि दुसरंच काही बोलायची. यांना सांगावं तर हे रागाच्या भरात नंदुरबारला जातील. सासूबाईंना सांगावं तर त्या आबांना कधी विसरू देणार नाहीत. आणि आबांना सांगावं तर पहिला प्रश्न हा की मग त्या दिवशी तू काय वाचलंस? पुढे पुढे तर मला नक्की कशाची भीती वाटते तेच समजेनासं झालं. त्यांची फजिती होईल याची, की माझी?

दोन महिने असेच गेले. मग एके दिवशी जेवताना आबा म्हणाले की एकटं कुत्रं मळ्याला पुरायचं नाही, जोडीला एक मादी आणू. सोमवारी निघू. मी पुन्हा बरोबर, कारण कागद पुन्हा वाचायचा होता.

त्या वेळी मी नाही म्हणायला हवं होतं. मी लुगडं बदलून तयार झाले. गाडीत बसेपर्यंत मनाशी म्हणत होते, आता सांगते, आता सांगते. गाडीने नदी ओलांडली, नंदुरबार आलं, आणि आम्ही उतरलो.

शेडला कुलूप होतं. बाज नव्हती. शेजारच्या रेल्वेच्या चाळीतून एक गृहस्थ बाहेर आले. त्यांच्यामागे तोच मोठा कुत्रा होता, गळ्यात साखळी. आबांनी नमस्कार करून विचारलं की या कुत्रीची पिलं कुठे मिळतील?

"कुत्री?" ते गृहस्थ म्हणाले. "अहो, हा नर आहे. माझा आहे हा. मी ड्यूटीवर गेलो की तो इसम याला बिस्किटं घालून तिकडे नेऊन निजवायचा. गावातली पिलं आणून याच्या पोटाशी ठेवायचा. मला कळलं तेव्हा भांडण झालं, नंतर तो कुठे गेला कोण जाणे. तुमच्यासारखे अजून पाच-सहा जण येऊन गेले."

मी आबांकडे बघितलं. मला वाटलं होतं ते संतापतील किंवा निदान दचकतील. ते नुसते त्या कुत्र्याकडे बघत होते. मग त्यांनी खाली बसून त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "जनावर चांगलं शे."

परतीच्या गाडीत आम्हाला शेवटचा बाक मिळाला. बराच वेळ ते बाहेर बघत होते. मग न वळता विचारलं, "कागदमा काय व्हतं?"

"शिलाई मशीनचं होतं, आबा."

"तुले कवय समजनं?"

"नक्की डॉक्टरांकडे समजलं. शंका त्याच दिवशी आली होती. मला अर्धं वाचता येत नव्हतं. वाटलं, तुम्ही माय बघितली आहे, तुम्हाला जनावरांतलं कळतं, म्हणजे बरोबरच असेल."

एक थांबा गेला. एक म्हातारी कोंबड्या घेऊन चढली आणि आमच्या पायाशी बसली.

"माले दिसनं व्हतं," ते हळू म्हणाले. "नर शे, हाई माले तवयच दिसनं व्हतं. पन म्हनलं, सून शिकेल शे. ती कागद वाची ऱ्हायनी, ती काही बोलत नही. विलायती जनावरमा काही येगळं ऱ्हात व्हई."

मला हसू येईल असं वाटलं, पण आलं नाही. आम्ही दोघं त्या शेडमध्ये एकमेकांच्या भरवशावर गप्प बसलो होतो, आणि दोघांनाही ते गप्प बसणं म्हणजे होकार वाटला होता. घरी पोचल्यावर सासूबाईंना काय सांगायचं ते आम्ही ठरवलं नाही. आबांनी दारातूनच सांगितलं, "मादी भेटनी नही."

ते पिलू मोठं झालं. साधं गावठी कुत्रं. डुकरं आली की खोपटाच्या आत शिरून तिथून भुंकायचं. पण भुंकायचं जोरात, आणि माणसं जागी व्हायची, त्यामुळे नुकसान कमी झालं हे खरं. आबा मळ्यात निघाले की ते पुढे असायचं. नऊ वर्षं जगलं.

मी एक जुना शब्दकोश मागवून घेतला आणि दुपारी वाचत बसायची. आबा पुढेही सोसायटीचे, बँकेचे कागद माझ्याकडेच आणायचे. फरक एवढाच की आता मी सांगायची, एवढं कळलं, एवढं नाही कळलं. ते म्हणायचे, "बरं." आणि न कळलेलं दुसऱ्याकडून वाचून घ्यायचे.

पण एक गोष्ट मला अजून उलगडलेली नाही. पुढे कधीतरी आबा हा प्रसंग पाहुण्यांना सांगायला लागले, अगदी रंगवून, स्वतःवर हसत. पॉलिश सांगायचे, डिंक सांगायचे, पोटाशी ठेवलेली पिलं सांगायचे. कुणीतरी विचारायचंच, "आनि कागद? तो माणूस कागद द्यायचा म्हणे?"

"कसाना कागद," आबा म्हणायचे. "आमले काही दिधा नही."

मी आत चुलीपाशी असायची. ते खरंच विसरले होते की मला झाकत होते, हे विचारायचं माझ्याकडून राहून गेलं. बाहेर जाऊन कागदाचं सांगावं, असं दर वेळी वाटायचं. मी पोळी उलटायची आणि पुढची लाटायला घ्यायची.