आर्लो हेगस्टॅडचे रुंद टायर

आर्लो हेगस्टॅड हा आमच्या खोऱ्यातला सगळ्यात कमी बोलणारा माणूस. त्याच्या वाटणीचं त्याची बायको नेड्रा बोलून टाकायची, त्यामुळे कुणाला काही कमी पडलं नाही. माझं घर हमरस्त्याला, त्यांचं आत डोंगराच्या पायाशी. मधली वाट त्यांची खाजगी, तिथला बर्फ काढायला सरकारची गाडी येत नाही. आर्लो ट्रॅक्टरने वाट मोकळी करायचा आणि वारा ती तासाभरात पुन्हा भरून टाकायचा. गाई, गवत, कुंपण आणि हा वारा, यातच त्याची सत्तरी उलटली.

मग नेड्राची मूत्रपिंडं गेली. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, तेही घाटापलीकडे कॉर्विनला. एक खेप चुकली की तिचे पाय सुजत, दोन चुकल्या की धाप लागे. पहिला हिवाळा आर्लोने पिकअपच्या जुन्या अरुंद टायरांवर काढला. घाटाखाली थांबायचं, बर्फात उताणं पडून चाकांना साखळ्या चढवायच्या, पलीकडे उतरलं की काढायच्या, येताना परत तेच. बोटं संधिवाताने वाकडी झालेली. हातमोजे घातले तर साखळीची कडी लागत नाही, काढले तर कातडी लोखंडाला चिकटते. एकदा त्याला उजेड धरायला नेड्रा खाली उतरली आणि घसरून मनगट मोडून घेतलं.

"नवरा चाकाखाली, बायको चाकापुढे," ती सगळ्यांना सांगायची, "बघणाऱ्याला वाटलं असेल, आमचं भांडण चांगलंच रंगलंय."

आर्लो त्यावर कधी हसला नाही.

पुढच्या ऑक्टोबरात तो मिचच्या टायरच्या दुकानात गेला. मलाही माझ्या छोट्या गाडीला हिवाळी टायर घालायचे होते, म्हणून मी आणि नेड्रा शेगडीजवळ कॉफी घेऊन बसलो होतो. आमच्या शेजारचा म्हातारा लाइल तिथं होताच. तो दुकान उघडायच्या आधीपासून असतो.

"मोठे दाखव. रुंद," आर्लो म्हणाला.

मिचने एक टायर लोळवत आणला. खाचा एवढ्या खोल, की माझा हात मनगटापर्यंत गेला असता.

"तुमच्या वाटेला हा उत्तम," मिच म्हणाला. "हवा थोडी कमी केली की बर्फावर तरंगत जाल. पण आर्लो, घाटात खोल बर्फ नसतो. घाटात काच असते, गोठून गुळगुळीत झालेली. तिथं हा पसरतो, धरत नाही. याला बर्फात रुतणारे लोखंडी खिळे बसत नाहीत आणि मडगार्डखाली साखळीला जागाही उरणार नाही. अरुंद घ्या, खिळ्यांचे."

"साखळ्या चढवायच्याच नाहीत मला."

मिचने त्याच्या हातांकडे पाहिलं. मग तो तसलेच आणखी तीन आणायला आत गेला.

लाइल म्हणाला, "आता तेवढा फटफट आवाज करणारा सायलेन्सरही बसवून घे. पोरी वळून बघतील."

"बघू देत," नेड्रा म्हणाली. "अरे, पण एवढ्या उंच गाडीत मी चढू कशी? वरून दोर टाकशील?"

"उचलून ठेवीन."

"लग्नात उचल म्हटलं होतं, तेव्हा तुझी पाठ धरली होती."

नाताळपर्यंत ते टायर राजासारखे चालले. कमरेएवढ्या ढिगांवरून पिकअप गुरगुरत बाहेर यायची. आर्लोने तिच्यासाठी लाकडी पायरी ठोकून दिली होती. त्याचे हात कोरडे आणि उबदार राहिले. माझ्या दारावरून जाताना स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून सलाम करायचा, त्याऐवजी त्या दिवसांत दोन उचलायचा. त्याच्या मानाने ते नाचणंच.

जानेवारीत डोंगरावरून उबदार वारा आला. दोन दिवस छपरं गळली आणि तिसऱ्या पहाटे सगळं गोठलं. साखळ्या सक्तीच्या असल्याची पाटी अजून लागली नव्हती. आर्लो वर चढला, पलीकडच्या उतारावर मात्र पहिल्याच वळणाला पिकअप आडवी झाली. त्याने ब्रेक दाबला नाही, शहाणपणाने जे करायचं ते सगळं केलं. पिकअप तशीच आडवी, सावकाश, कठड्यापर्यंत गेली आणि कठडा मोडून थांबली. पुढचं चाक, नेड्राच्या बाजूचं, दरीवर. बर्फ काढणारी गाडी येईपर्यंत दोघं तसेच बसून होते. हललं तर तोल जाईल म्हणून.

त्याच गाडीने नेड्राला कॉर्विनला पोचवलं. दुपारी मी साखळ्या लावून तिला आणायला गेले. घाट उतरेपर्यंत ती एक शब्द बोलली नाही. असं कधी झालं नव्हतं. मग म्हणाली, "बर्निस, मी आता जायची नाही."

"परवाची खेप चुकव हवं तर. बर्फ सुटू दे."

"तसं नाही गं. कधीच नाही. कुणाच्याच गाडीतून नाही."

"कॉर्विनला खोली घेऊन राहा थंडीभर."

"आणि तो इथं गाईंबरोबर? ना गाई बोलायच्या, ना तो."

वाट बर्फाने भरली होती, म्हणून लाइलने आम्हाला ट्रॅक्टरवर बसवून तिच्या घरी नेलं. आर्लो तेव्हा मिचकडे होता. पिकअप ओढून आणली तशीच त्याने ते रुंद टायर काढायला लावले आणि अरुंद, खिळ्यांचे चढवून घेतले. संध्याकाळी वाटेच्या तोंडाशीच पिकअप रुतली. ट्रॅक्टरचा माग वाऱ्याने कधीच बुजवला होता. नव्या साखळ्या खांद्यावर टाकून तो चालत आला. भुवयांवर बर्फ.

"बदलले," तो दारातूनच म्हणाला. "परवा हळू जाऊ. साखळ्या मी लावीन. तू उतरू नकोस."

"टायरांचं नाही रे," नेड्रा म्हणाली. "दार लाव, गार वारा येतोय."

त्याने दार लावलं. साखळ्या मात्र खाली ठेवल्या नाहीत. मग मीच त्या त्याच्या खांद्यावरून उतरवल्या.

त्याने विनवलं, डॉक्टरांनी फोनवर समजावलं, मी रागावले. ती ऐकून घ्यायची आणि विचारायची, कोण काय खाणार. दुसऱ्या रविवारी ती गेली. शेवटचे दोन दिवस झोपेतच होती, एवढंच त्यातलं बरं.

दफनानंतर आर्लो माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसला. कॉफीचा कप त्या वाकड्या बोटांत धरला होता.

"आधीच अरुंद घेतले असते," त्याने विचारलं, "तर ती जात राहिली असती का?"

नाही म्हणणं सोपं होतं. पण पन्नास वर्षांत या माणसाने मला मोजून चार-पाच प्रश्न विचारले असतील.

"उन्हाळ्यापर्यंत तरी," मी म्हटलं.

त्याने मान हलवली. बाहेर वारा सुटला होता, त्याच्या वाटेवरचे ढीग माझ्या खिडकीतून दिसत होते. घरी कुणी वाट बघत नव्हतं. मी त्याचा कप पुन्हा भरला.