गोबनेटच्या धुराड्यातले सोटे

नॉकबॉनच्या टेकडीवर धूर बघून माणसं ओळखायची की कुणाच्या घरी बटाटे शिजतायत आणि कुणाच्या घरी चोरटी दारू. गोबनेट क्रिमिनच्या धुराकडे मात्र कुणी फार वेळ बघत नसे. तिच्या धुराड्यात सोटे टांगलेले असत. काळ्या काट्याच्या झुडपाचे, मुळाच्या गड्ड्यासकट खणून काढलेले, लोणी चोपडून काजळीत मुरायला ठेवलेले. त्यातले काही लेनीहन घराण्याचे, काही क्रिमिन घराण्याचे. बॅलीकारच्या जत्रेत जे एकमेकांची डोकी फोडायचे, तेच सोटे वर्षभर तिच्याकडे एका दांडीला गुण्यागोविंदानं लटकत.

हा उद्योग तिच्या बापाचा. तो गेल्यावर हिच्याकडे आला, आणि लग्न करून नॉकबॉनला आली तेव्हा आहेर म्हणून बरोबर आला. गोबनेट मूळची लेनीहन, दिलेली क्रिमिनांत. केरीच्या डोंगरात रीतच तशी आहे, की बाई कुठंही नांदो, मारामारीत ती माहेरची. तिचा नवरा कॉन आणि ती एकाच गाढवगाडीतून जत्रेला निघत, एकाच फडक्यातली ओटची भाकरी खात, आणि बॅलीकारचा पूल आला की कॉन डावीकडे वळे, ही उजवीकडे. हिच्या लांब लोकरी मोज्यात नदीतला एक गुळगुळीत दगड असे. बाईवर कुणी सोटा उगारत नाही, बाईनं मोजा फिरवला तर चालतो. असले नियम कुणी केले ते देव जाणे, पण पाळायचे मात्र सगळे.

संध्याकाळी दोघं त्याच गाडीतून घरी.

"बघ, तुझ्या चुलतभावानं कसं फोडलंय," कॉन कौतुकानं डोकं पुढं करी.

"नीट बस. लाडात येऊ नकोस, माझी शाल खराब होतेय."

भांडण मुळात कशावरून लागलं असं विचारलं तर लेनीहन एका चोरलेल्या हंसाची गोष्ट सांगत आणि क्रिमिन एका मोडलेल्या फाटकाची. दोन्ही गोष्टी खोट्या असणार. पण हंस आणि फाटक या दोघांनी मिळून आजवर बरीच घरं धुळीला मिळवली.

तर अशाच एका जत्रेत मॉर्टी लेनीहनचा घाव कॉनच्या कानामागे बसला. मॉर्टी हा गोबनेटचा पाठचा भाऊ. कॉन उठला, हसला, गाडीत बसून घरी आला. पण त्यानंतर तो कॉन राहिला नाही. स्वतःच्याच दारात उभा राहून हे घर कुणाचं म्हणून विचारायचा. शेवटी एका हिवाळ्यात तापानं गेला. ताप होता, गोबनेटनं आपल्या हातानं त्याचं कपाळ पुसलं होतं. पण त्यांच्या एकुलत्या एका मुलाला, टायगला, तो ताप दिसलाच नाही. त्याला दिसला मामाचा सोटा.

"शिसं होतं त्यात," तो म्हणायचा. "नुसत्या लाकडानं माणूस असा विझत नाही."

"माझ्याच धुराड्यातला सोटा होता तो. हातानं लोणी लावलंय त्याला. शिसं नव्हतं."

"तू लेनीहनच ना शेवटी."

यावर ती उठून चुलीतले निखारे सारखे करायची. 

शिसं ही गोष्ट दोन्हीकडच्यांनी वर्ज्य मानली होती. गड्डा पोखरून आत शिसं ओतलं की सोटा डोकं फोडत नाही, कवटी फोडतो. आणि न्यायाधीशही तेवढं जाणत होते. जत्रेत लाकडानं मेला तर मारामारीत मेला. शिशानं मेला तर खून, आणि मारणाऱ्याला ट्रालीच्या तुरुंगासमोर फास.

त्या वर्षी क्रिमिनांनी ठरवलं की बोलावणं टायग करणार. बोलावणं म्हणजे मैदानाच्या मधोमध कोट मातीतून फरफटत चालायचं आणि माझ्या कोटावर पाय द्यायची हिंमत कुणात आहे ते विचारायचं. ज्याचा पाय कोटावर पडेल त्याच्याशी पहिली झुंज. पाय मॉर्टीचाच पडणार हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. टायगनं त्यासाठी नवा सोटा आणला होता. तो कापला कधी, तर हिवाळ्याच्या तोंडावर एक दिवस काळ्या काट्याला कुणी हात लावत नाही, त्याच दिवशी. तो दिवस भल्या मंडळींचा. टेकडीच्या पोटात राहणाऱ्या अदृश्य लोकांना आम्ही भली मंडळी म्हणतो, कारण दुसरं काही म्हणायची छाती नाही. लोकांनी छातीवर क्रूसाची खूण केली. टायग हसला.

जत्रा जवळ आली तशी गोबनेट एका सकाळी सोट्यांना शेवटचा हात फिरवत होती. एकेक खाली काढायचा, काजळी पुसायची, लोणी चोळायचं, परत टांगायचा. टायगचा सोटा तिनं मधोमध धरला, आणि गड्डा तिच्या मनगटाला घेऊन खाली गेला.  काजळी खरवडली तर खाली मेणानं लिंपलेली लाकडी खुंटी. पडक्या मठाच्या खिडकीतलं शिसं गेलं कुठं म्हणून पाद्री गेले काही दिवस बोंब मारत होते, त्याचाही उलगडा झाला.

टायग ताक प्यायला आत आला तेव्हा ती सोटा मांडीवर घेऊन बसली होती.

"काय रे, जड झालाय हा."

"लोणी जास्त लावलंस."

"टायग."

"आई, मी एकच विचारतो. परवा पुलावरून तू कुठं वळणार? उजवीकडे की डावीकडे?"

 नवऱ्याच्या वेळी ती उजवीकडेच वळत आली होती.

"मग सोट्याचं वजन तुला कशाला हवं?" असं म्हणून त्यानं ताक संपवलं, भांडं विसळून जागेवर ठेवलं, आणि कुदळ घेऊन दलदलीकडे जळणाची ढेकळं कापायला गेला. पोरगं शिस्तीचं होतं, हेच वाईट. डोक्यात राख घातलेली असती तर ती उतरली तरी असती. हे थंड डोक्यानं केलेलं होतं.

त्याच दिवशी मॉर्टी आपला सोटा न्यायला आला. धिप्पाड माणूस, दाराच्या चौकटीत वाकल्याशिवाय मावत नसे. आल्या आल्या बटाट्यांच्या टोपलीत हात.

"यंदा घरी राहा, मॉर्टी," ती म्हणाली.

"घरी? भाच्याचं पहिलं बोलावणं आणि मामा घरी? अगं ताई, लोक तोंडात शेण घालतील माझ्या. त्याच्याही."

"तो लहान आहे."

"लहान? त्याला डोक्यावरची अडवणूक कुणी शिकवली? मी. तुझ्या या अंगणात. आडवा सोटा असा वर धरतो की घोडा पडला तरी खाली येणार नाही." मॉर्टीनं बटाटा धरूनच हात वर करून दाखवलं. "तू घोर नको लावून घेऊस. मी त्याच्या डोक्यावर एकच घालीन, सगळ्यांना दिसेल असा, ताकदीनं. तो अडवेल. लोक आरोळ्या ठोकतील. मग मी पाय घसरल्यासारखं करीन आणि त्याला जिंकू देईन. कॉनचं देणं लागतो मी, ताई. दुसरं कसं फेडू?"

तिला रडू आलं. सांगावं का याला? सांगितलं तर हा जाऊन पोराच्या हातातला सोटा हिसकावणार, चारचौघांत. क्रिमिनांच्या तोंडाला काळं. मग टायग सोट्यावर थांबणार नाही, कुठल्या कुंपणाआडून सुरा घेऊन येईल. आणि सोटा जाळला, तर दुसरा पोखरायला कितीसा वेळ लागतो? तिनं मॉर्टीचा सोटा खाली काढून त्याच्या हाती दिला. मॉर्टी सोटा घेऊन शीळ घालत टेकडी उतरला.

दुसऱ्या दिवशी टायग दलदलीवर गेल्यावर तिनं दाराला कडी घातली. सोट्याची खुंटी उपटली, गड्डा निखाऱ्यांवर धरला आणि खाली राखेत वाडगा ठेवला. शिसं लगेच सुटेना. तिनं फुंकर मारली, निखारे लाल केले. गड्डा गरम झाला, लोणी चरचरलं, आणि मग एकेक चंदेरी थेंब वाडग्यात पडू लागला. शेवटचा थेंब पडताना लाकडात कुठंतरी बारीक टक् झालं. ती दचकली. मग स्वतःलाच म्हणाली, निखारा तडकला असेल.

रिकाम्या भोकात तिनं ओली माती आणि वाळूचे खडे ठासून भरले, वरून खुंटी, वरून मेण, वरून काजळी आणि लोणी. हातात तोलून बघितला. शिशाइतका जड नव्हता, पण घाईत कळू नये इतपत होता. शिशाचा गोळा गार झाल्यावर तिनं तो चुलीच्या दगडाखाली सारला. त्या सकाळी कितीतरी महिन्यांनी तिला भूक लागली.

जत्रेच्या दिवशी सोटा तिनं स्वतःच फडक्यात गुंडाळून टायगच्या हाती दिला.

"ताजं लोणी आहे, आत्ताच फिरवू नकोस. कोट खराब होईल."

"तसाही मातीतून ओढायचाच आहे," टायग म्हणाला आणि हसला. अगदी कॉनसारखा हसला. गाडीत दोघांनी एकाच फडक्यातली भाकरी खाल्ली. पुलावर तो डावीकडे वळला. ती क्षणभर थांबली, आणि मग उजवीकडे.

दुपारपर्यंत गुरांचा बाजार उरकला. बायकांनी मडकी आवरली, दारूवाल्यांनी पिंपं आत ओढली, कुत्रीसुद्धा कुठं दिसेनाशी झाली. मैदान रिकामं होत होत एकदम शांत झालं. आणि त्या शांततेत टायग एकटा मधे आला, कोटाची बाही धरून, कोट मागून मातीत फरफटत.

"हा आला क्रिमिन! कॉन क्रिमिनचा पोर! लेनीहनांत कुणाला पाय आहेत का? का सगळे हंसाची पोरं?"

क्रिमिन खदखदून हसले. लेनीहनांच्या गर्दीतून मॉर्टी निघाला, सावकाश चालत आला आणि त्यानं कोटावर पाय ठेवला. गोबनेट पुढं सरकली. मोज्यातला दगड तिच्या गुडघ्यावर आपटत होता. तिला भीती वाटत नव्हती. ती मनात म्हणत होती, आता टायग मारील, मॉर्टीला टेंगूळ येईल, आणि दोघंही रात्री जिवंत जेवतील.

मॉर्टीनं दोन-तीन वेळा सोट्याला सोटा भिडवला, नुसता आवाज काढायला. टायगनं एक घाव त्याच्या खांद्यावर घातला. मॉर्टी विव्हळला, पण पडला नाही. टायगनं चमकून हातातल्या सोट्याकडे पाहिलं. तेवढ्यात मॉर्टी ओरडला, "डोकं सांभाळ, भाच्या!" आणि सगळ्यांना दिसेल असा, ताकदीनं, वरून घातला.

टायगनं अंगणात शिकवल्याप्रमाणे सोटा आडवा वर धरला. अडवणूक बिनचूक होती. घाव गड्ड्याच्या मानेजवळ बसला, तिथून सोटा तुटला, आणि मॉर्टीचा हात थांबेना.

टायग संध्याकाळपर्यंत गाढवगाडीत तिच्या मांडीवर होता. घर यायच्या आधी गेला.

प्रेताजवळ बसायला आलेल्यांनी तंबाखू ओढत एकच निकाल दिला, की झुडूप भल्या मंडळींच्या दिवशी कापलेलं होतं, दुसरं काय होणार. पाद्रीसुद्धा मान हलवून गप्प बसले. एका म्हातारीनं गोबनेटच्या पाठीवरून हात फिरवला. "तुझ्या हातात काय होतं, बाई?" 

दफन झाल्यावर काही दिवसांनी मॉर्टी आला. या वेळी चौकटीत वाकलाच नाही, कपाळ आपटलं तरी त्याला कळलं नाही. त्यानं खिशातून काहीतरी काढून टेबलावर ठेवलं. टायगच्या सोट्याचा गड्डा होता तो. भोकातून वाळलेली माती सांडली.

"गवतात सापडला," मॉर्टी म्हणाला. त्याचा आवाज ओळखू येत नव्हता. "पोखरलेला होता, ताई. आणि आत माती. कुणीतरी पोराच्या हातात मुद्दाम पोकळ सोटा दिला. क्रिमिनांतला असेल नाहीतर आमच्यातला. मी शोधणार त्याला. फासावर गेलो तरी चालेल, पण जिवंत ठेवणार नाही. तुझ्या धुराड्याला हात लावला कुणी? आठव. आठवून सांग मला."

धुराड्यात सोटे टांगलेले होते, दोन्हीकडचे. जत्रेहून परत आलेले, तेव्हापासून कुणी हात लावला नव्हता.

गोबनेट उठली. चुलीपाशी बसून तिनं दगड सरकवला आणि शिशाचा गोळा त्याच्यासमोर गड्ड्याशेजारी ठेवला.

"शोधू नकोस," ती म्हणाली. "हे त्यात होतं. तुझ्यासाठी ओतलेलं. मी काढलं."

मॉर्टीनं गोळा उचलला. त्याला वजन कळत होतं. त्यानं तो तळहातावर तोलला, कानामागे नेला आणि तसाच धरून राहिला. 

"मला वाचवायला तू..."  "ताई, माझ्यासाठी..."

"तुझ्यासाठी कुठं?" गोबनेट म्हणाली. "मी त्याला वाचवत होते."