धोंडप्पांची उदबत्ती

आष्टीतल्या जुन्या गाडीवाल्यांना धोंडप्पा मिस्त्रींबद्दल विचारलं, तर ते आधी त्यांच्या उदबत्तीचं सांगतील. सकाळची लिंगपूजा आटोपली, कपाळावर विभूतीचे पट्टे ओढले, की ते गॅरेजच्या पत्र्याखाली यायचे. खिशात पान्यांशेजारी उदबत्तीचा पुडा. इंजिन चालू ठेवायचं आणि पेटती उदबत्ती हवेच्या पाइपच्या जोडांवरून हळूहळू फिरवायची. धूर जिथं आत ओढला जाईल तिथं फट. माझ्या वडिलांच्या, अण्णांच्या जीपची फट त्यांनी अशीच शोधली, तेव्हा मी सात वर्षांची होते.

त्या जीपच्या एअर फिल्टरखाली तेलाची वाटी असायची. धूळ तेलात बसायची. वाटी पुसून ताजं तेल रेघेपर्यंत ओतायचं काम त्यांनी माझ्याकडं दिलं होतं.

"वने, तेल हाय तर धूळ न्हाई. ध्यानात ठेव."

मी ठेवलं. पुढं बीडला बी.ए. झाले, लग्न झालं, अण्णा गेले, जीप भंगारात गेली. पण फ्रॉकला पुसलेल्या त्या तेलकट बोटांचा वास अजून आठवतो.

माझी लेक आरोही जनावरांची डॉक्टर आहे. डिझेल गाडी घेऊन एकटीच डोंगरपट्ट्यातल्या वाड्यांवर जाते. ती घरी येईपर्यंत माझं निम्मं लक्ष दाराकडं. गेल्या महिन्यात ही गाडी चढावर दम सोडायला लागली. मागून उसाचा ट्रॅक्टर, पुढं वळण आणि कितीही रेस दिली तरी गाडी उचलेना. गॅरेजात एक पार्ट बदलला, आठ-दहा दिवस बरे गेले, पुन्हा तेच. मी बोलून गेले, "सोमवारपर्यंत गाडी धड झाली नाही तर फिरती सोड. कार्यालयातली जागा माग." तिनं वाद घातला नाही. तसा अर्ज लिहून पर्समध्ये ठेवला. वाद घातला असता तर बरं वाटलं असतं.

शनिवारी आम्ही दोघी गॅरेजात गेलो. गॅरेज आता धोंडप्पांचा मुलगा अमरनाथ चालवतो. त्यानं स्कॅनर जोडला. "काकू, हवेचा सेन्सरच खराब दाखवतंय. परत नवा टाकावा लागंल."

"अहो, मागच्या खेपेला नवाच टाकला ना?" आरोही म्हणाली.

कोपऱ्यातल्या बाजेवरून आवाज आला, "एकच जागा दोन येळा मरती, म्हंजे मारणारा दुसराच हाय. मला उठव बे, अमर."

ऐंशी पार केलेले धोंडप्पा, आम्हा सगळ्यांचे आप्पा, काठी टेकत आले. अमरनाथ हसला. "घ्या, डॉक्टरीणबाई असताना आता आप्पा नाडी बघणार."

"मी बैलांची डॉक्टर आहे, आप्पा."

"मग बरं झालं. जाताना आमच्या ह्यालाबी तपास."

त्यांनी उदबत्ती पेटवली. जोडाजोडावरून फिरवली. धूर सरळ वर गेला, कुठंच आत ओढला गेला नाही. "पाइप साबूत हाय. आता ह्या सेन्सरचा प्लग काढ. पोरी, गाडी चढावर घाल, मी बसतो शेजारी."

गॅरेजमागच्या चढावर गाडी दिसेनाशी झाली. मी खालीच पदर मुठीत धरून उभी. परत आली तेव्हा आरोही खिडकीतूनच ओरडली, "आई, उचलली गं!"

"सेन्सर खोटं बोलतोय," आप्पा उतरत म्हणाले. "हवा भरपूर जातीय अन् ह्यो म्हनतो कमी. मग गाडीबी डिझेल कमी सोडती. प्लग काढला, तर गाडी आपल्या अंदाजानं चालली. पण कशापायी बोलतोय खोटं?"

अमरनाथनं सेन्सर काढला. आतल्या केसासारख्या तारेवर चिकट थर होता. मग फिल्टर काढला. आप्पांनी त्याच्या कागदी घड्यांवर अंगठा फिरवला, वास घेतला.

"ह्याला तेल कुनी लावलं?"

उसाच्या हंगामातली धूळ लेकीच्या गाडीत जाऊ नये म्हणून मीच लावत होते, दर रविवारी, ती झोपेत असताना, जुन्या ब्रशानं.

"मी, आप्पा."

"आई!" आरोही किंचाळलीच.

"तुला कुनी सांगितलं?" आप्पांनी विचारलं.

"तुम्हीच. तेल हाय तर धूळ न्हाई."

आप्पा खोकला येईस्तोवर हसले. "ते ध्यानात हाय व्हय तुझ्या? अगं, ती लोखंडी जाळी होती. ह्यो कागद हाय, ह्याला तेल चालत न्हाई. तेल उडून तारंवर बसतंय." फिल्टर बाजूला ठेवत म्हणाले, "मी त्या जीपचं सांगितलं व्हतं वने, तू जल्माचं धरलंस."

अमरनाथनं सेन्सरवर सफाईचा फवारा मारला, नवा फिल्टर काढला. "कोरा कागद द्या कुनीतरी, सेन्सर वाळायला ठेवायचाय."

आरोहीच्या पर्समधला अर्ज मीच काढला आणि कोरी बाजू वर करून त्याच्या हातात दिला. तिनं माझा हात धरला.

निघताना आप्पा म्हणाले, "तुझं काम गेलं असं समजू नको. पंधरा दिवसाला फिल्टर काढून झटकायचा. पन कोरडा."

आज सोमवार. वरच्या वाडीत कुणाची म्हैस अडली आहे म्हणून आरोही संध्याकाळीच गेली. मघाशी फोन आला, गाडी चढ विनातक्रार चढली म्हणे. मी आहे जागी.