एस्तेरबाईंचा ग्रीकचा क्लास

पोरींनो, जरा सरका इकडं, जवळ बसा. एकेकीचा कान धरायचाय मला. एस्तेर आज्जी गेल्याचं तुमच्या त्या ग्रुपवर कळवलं, तर उत्तरात काय आलं? जोडलेल्या हातांची चित्रं. एकामागं एक, रांगेनं. डॉक्टर झालात, ड्युट्या असतात, कबूल. पण जिच्या माडीवर राहिलात, जिच्या हातचं गरम गरम खाल्लंत, तिचं जाणं असं बोटाच्या टोकानं उरकता होय गं? म्हणून म्हटलं, आता पेपरातच लिहावं. कुणी ना कुणी दाखवीलच तुम्हाला.

बाकीच्या वाचणाऱ्यांना ठाऊक नाही, म्हणून सांगते. एस्तेरबाई माझी शेजारीण. लातुरात आमच्या दोघींच्या घरांत एकच भिंत. त्या शाळेतून रिटायर झालेल्या बाई, मी शिलाईवाली, शाळा अर्ध्यात सुटलेली. त्या मला आपा म्हणायच्या. मेडिकलच्या परीक्षेसाठी गावोगावच्या पोरी लातूरला क्लासला यायला लागल्या तशी बाईंनी माडी भाड्यानं दिली, आणि मी सगळ्यांची खाला झाले. यंदा आखाड सरता सरता बाई नांदेडला लेकीकडं गेल्या. चार दिवसांत येते म्हणाल्या होत्या... लेकीचा फोन आला तेव्हा मी एका ब्लाउजला हुक लावत होते. "मावशी, आई झोपेतच गेली," एवढंच बोलली. तो ब्लाउज अजून तसाच पडलाय.

त्र्याण्णवच्या भूकंपात बाईंची धाकटी बहीण रतन गेली. औसा तालुक्यातल्या एका गावात तिला दिली होती. बाई तिथं पोचल्या तोवर गावानं सगळ्यांना मिळून अग्नी दिला होता. कोण कुणाचं बघणार त्या चिखलात? ख्रिस्ती माणसाला ना पेटी, ना प्रार्थना, ना कबर. पुढं छावणीत बाहेरगावचे एक उपदेशक आले. ते बाईंना म्हणाले, रडू नका, रडणं म्हणजे विश्वास कमी पडणं. झालं. बाईंनी डोळे पुसले ते पुसलेच. नवरा गेला तेव्हाही मी त्यांच्या डोळ्यांत पाणी बघितलं नाही. दर वर्षी भूकंपाच्या दिवशी आम्ही दोघी एसटीनं त्या जुन्या गावी जायचो. आता तिथं बाभळी आणि दगडांचे ढीग. रतनच्या घराचा उंबरा तेवढा ओळखू येतो. त्यावर फुलं ठेवायची, उभं राहायचं, परत यायचं. बाई येताना-जाताना गप्प.

मग सत्तरी उलटल्यावर एक दिवस मला म्हणतात, "आपा, मी ग्रीक शिकून राहिले. मोबाइलवर क्लास असतोय."

"आता या वयात? तिकडं सोयरीक जमवायची का काय कुणाची?"

हसल्या. मग पीठ मळता मळता सांगितलं. त्यांच्या शुभवर्तमानात प्रभू आपल्या मित्राच्या कबरीपाशी जातो आणि तिथं त्याला रडू येतं. मराठीत त्यांनी ते लहानपणापासून वाचलेलं. "पण आपा, ते पहिल्यांदा ज्या भाषेत लिहिलं, त्यात मला माझ्या डोळ्यांनी बघायचंय. सांगोवांगी नको. तो खरंच रडला असंल, तर त्या उपदेशकाचं मी इतकी वर्षं उगंच ऐकलं." डॉक्टरनी सांगितलेलं, डोळ्याचा पडदा झिजत चाललाय, थांबवता येणार नाही. म्हणून घाई. वाचायचं ते नजर आहे तोवर, आणि रतनच्या उंबऱ्यावर.

आता तुमची गंमत सांगते. लातूरच्या क्लासमधल्या पोरी तुम्ही, तुम्हाला एकच रस्ता माहीत. भिंतीवर टाइमटेबल चिकटवलं, टेस्ट लावली. अहमदपूरची वैष्णवी तर जिन्यातून उतरतानाच विचारायची, "आज्जी, रिव्हिजन झाली का?" बाई भाकरी थापत असल्या की त्यांच्याकडून तो कबरीचा उतारा म्हणून घ्यायची, चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. बाईंचा आवाज भिंतीतून मला ऐकू यायचा. मला वाटायचं, वा, शिकल्या की बाई. पुढं मोबाइलवरच्या ग्रीकच्या सरांनी पडद्यावर एक पान दाखवलं आणि म्हणाले, वाचा. बाईंनी धडाधड तो पाठ केलेला कबरीचाच उतारा म्हटला. सर म्हणाले, "आंटीजी, बहुत अच्छा, पर ये तो दूसरा पन्ना है." तुम्ही दाराआड तोंडात ओढणी कोंबून हसलात, आठवतंय ना? बाई नाही हसल्या. मोबाइल पालथा घातला आणि त्यावर विणलेला रुमाल टाकला.

मी दोन दिवस जाऊ दिले. तिसऱ्या दिवशी चहा घेऊन गेले. म्हटलं, "बाई, मीपण लहानपणी अरबी अशीच पाठ केली. म्हणायला गोड लागायचं, पण काय म्हणते ते कळायचं न्हाई. अर्थ कळला तो पुढं, एकेक शब्द धरून. शिलाई चुकली तर कापड फेकत न्हाईत, उसवायचं."

"उसवायला लई वेळ लागतो, आपा."

"हाव. पण कापड राहतंय ना."

रुमाल निघाला. हातात भिंग आलं. एका अक्षरावर बोट, मग दुसऱ्यावर. वैष्णवी आता टेस्ट घेईना, नुसती शेजारी बसायची. बाईंचा पहिला टप्पा पास झाला तेव्हा तुम्ही काय केलंत? लातूरची रीतच ती, चौकाचौकात टॉपरच्या फोटोंचे फ्लेक्स. तुम्हीही आज्जीचा फ्लेक्स छापून आणलात, रेशन कार्डावरचा रागीट फोटो लावून! "मेल्यांनो, गल्लीत तोंड दाखवायला जागा ठेवली न्हाई," म्हणत बाईंनी स्वतः तो जिन्यात टांगून घेतला, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला जिन्यातनंच न्यायच्या.

तुम्ही माडी सोडून कॉलेजांना गेलात, तरी बाईंचं एकेक अक्षर धरून शिकणं वर्षानुवर्षं चालूच होतं. गेल्या वर्षी भूकंपाच्या दिवशी त्यांनी उंबऱ्यावर बसून वाचलं. उन्हात भिंग धरायला मी. पाठ म्हणत नव्हत्या, अडखळत होत्या, बोट मागं न्यायच्या, परत पुढं. एके ठिकाणी बोट थांबलं. तिथंच राहिलं.

"आपा," म्हणाल्या, "रडला हो तो. लिहिलंय इथं."

आणि मग त्या रडल्या. इतक्या वर्षांचं... मी पदर पुढं केला, दुसरं काय करणार. परतताना एसटीत मात्र रतनच्याच गोष्टी. तिनं मास्तरांच्या अंगणातल्या चिंचा कशा चोरल्या, लग्नात हार घालताना ती कशी फसकन हसली. बहिणीचं नाव मी त्यांच्या तोंडून एवढ्या वेळा पहिल्यांदाच ऐकलं.

फ्लेक्स अजून जिन्यात आहे. ऊन लागून फिका पडलाय, पण राग तसाच आहे. लेकीनं भिंग मला दिलं. मी बाईंच्या ग्रीक पुस्तकातल्या अक्षरांवर फिरवून बघते, दोन-चार ओळखीची वाटतात, बाकी माझ्यासाठी वेलबुट्टी.

वैष्णवे, तुला अजून येतो का गं तो उतारा? भाकरीच्या तालावर म्हणून घ्यायचीस तो? पाठ असला तरी चालेल, मी काही हसणार नाही. महिनाभरात तो दिवस येतोय आणि उंबऱ्यावर वाचायला यंदा कुणी नाही. रजा टाक, बाकीच्यांनाही धरून आण. आदल्या दिवशीच या म्हणजे सकाळची एसटी गाठता येईल. माडी झाडून ठेवलीय, भाकरी मी थापते... या गं लवकर.