कातळावरचे साठ खड्डे

आमच्या प्रोफेसरांना कुणी हौसेने आपली बाग दाखवायला नेलं, की ते झाडांकडे सगळ्यात शेवटी बघायचे. आधी जमिनीचा उतार, मग विहीर, मग त्या घरातली माणसं कुठून कुठे चालतात ते. यजमान बिचारा गुलाबाकडे बोट दाखवत उभा, आणि हे वाकून गड्याच्या पायांनी मळलेली वाट न्याहाळताहेत. मी त्यांच्या मागे वही घेऊन उभा असायचो आणि मला हसू आवरायचं नाही. आज इतक्या वर्षांनी ते आठवलं तरी अंगात तीच हुशारी येते.

एकोणीसशे तीस सालानंतरची ती चार-पाच वर्षं. देशावरच्या एका कॉलेजात त्यांनी जन्मभर बागांची आणि मोकळ्या जागांची आखणी शिकवली होती, आणि निवृत्त झाल्यावर समुद्राची हवा मानवते म्हणून रत्नागिरीत बिऱ्हाड केलं होतं. मी तेविशीतला, हायस्कुलात ड्रॉइंग मास्तर. पेला, घागर आणि केळीचं पान यापलीकडे मुलांकडून काही काढून घ्यायची सोय नव्हती, त्यामुळे मी पुरता वैतागलो होतो. एके दिवशी ते शाळा बघायला आले, फळ्यावर मी काढलेलं कौलारू घर बघितलं आणि म्हणाले, "मास्तर, घर झकास आहे. पण याच्या पागोळ्यांचं पाणी जातं कुठे?" संध्याकाळी मी त्यांच्या दारात हजर. त्या दिवसापासून मी त्यांचा शिष्य म्हणवून घेत गावभर मिरवलो.

नवी जागा हाती आली की पहिले तीन दिवस पेन्सिलीला शिवायचं नाही, हा त्यांचा नियम. अनवाणी चालायचं, बसायचं, बघायचं. गुरं कुठून वळतात, दुपारी सावली कुणाच्या वाट्याला येते, म्हातारी माणसं दम खायला कुठे टेकतात. "पायवाट म्हणजे गावाने काढलेली रेघ," ते म्हणायचे. "ती तुझ्या रेघेपेक्षा जुनी. मोडायची असेल तर आधी कारण सांग." एकदा आम्ही दोघं मुद्दाम गुहागरला गेलो, का, तर माडांखालच्या पोफळींवर ऊन किती आणि कसं पडतं ते बघायला. वाडीच्या मालकाला वाटलं आम्ही सुपारीचे व्यापारी. त्याने चहा दिला, भाव सांगितला, आणि आम्ही नुसती सावली बघायला आलोय हे कळल्यावर दुसरा चहा काही आला नाही. परतीच्या होडीत प्रोफेसर एकटेच हसत होते. माझ्या डोक्यात मात्र एकच घोळत होतं, की सावलीसुद्धा आखता येते, आणि हे मला इतकी वर्षं कुणी सांगितलं कसं नाही.

मुलींच्या शाळेमागे एक उघडा कातळ होता. उन्हाळ्यात त्यावर पाय ठेववत नसे. गावातल्या चार प्रतिष्ठितांनी ती जागा प्रोफेसरांच्या हवाली केली आणि सांगितलं, मुलींना बसायला इथे झाडी करून द्या. प्रोफेसर त्या दिवसाची वाटच बघत होते. त्यांच्या परसात टोपल्यांमधून साठ रोपं दोन वर्षांची होऊन उभी होती. बकुळ, सुरंगी, उंडी, नागचाफा. प्रत्येक बी त्यांनी स्वतः हिंडून वेचलेलं. मला ती रोपं दाखवत ते म्हणाले, "एकसष्टावं माझ्यापाशी नाही, आणि पुन्हा दोन वर्षं थांबावं असं माझं वयही नाही. ही जगली तर बाग, नाही तर नाही."

आराखडा काढायचं काम त्यांनी मला दिलं. माझा पहिला आराखडा. मी शाईने साठ वर्तुळं काढली, ओळी अशा सरळ की फूटपट्टी लाजावी. प्रतिष्ठितांनी तो काचेत बसवून मुलींच्या शाळेच्या कचेरीत लावला आणि मी काहीतरी निमित्त काढून रोज तिथून जायला लागलो. खड्ड्यांचं माप प्रोफेसरांचं, तीन हात खोल, दोन हात रुंद. वैशाखात पहारी आणि टिकाव घेऊन माणसं कातळावर चढली. त्यांचा मुकादम जन्मभर जांभ्याचे चिरे काढत आलेला म्हातारा होता. साठ खड्डे खणून झाले त्या दिवशी त्याने मला बाजूला घेतलं. एका खड्ड्याच्या तळावर पहार आपटून आवाज ऐकवला.

"मास्तर, ह्यो कातळ बंद हाय. ह्यात पडलेला पानी जायाचा नाय. झाडां कुजतील."

मला ते लगेच पटलं. इथेच वाढलो मी. पावसाळ्यात कातळावरच्या खळग्यांत पाणी दिवाळीपर्यंत टिकतं हे आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. तरी मी मुकादमाला म्हटलं, "मोठ्यांनी ठरवलेलं माप आहे, विचार करूनच ठरवलं असणार." तो तंबाखू मळत निघून गेला.

माझं चुकलं ते इथे. पण मी वाढलो तेच असा. आमच्या वडिलांनी एकदा पंचांगात एकादशी चुकीची वाचली, तर घरातल्या सगळ्यांना खरी तिथी माहीत असूनही सगळ्यांनी त्या दिवशी निमूट उपास केला, आणि दुसऱ्या दिवशी खऱ्या एकादशीचा चोरून पुन्हा केला. वडीलधाऱ्यांची चूक दाखवायची नसते, झाकायची असते, हे मी आईच्या दुधाबरोबर प्यायलो होतो. त्यात हे तर गुरू. मी तीनदा त्यांच्याकडे सांगायला म्हणून गेलो. पहिल्यांदा "ऊन फार आहे" म्हणून परतलो. दुसऱ्यांदा कोकमाचं सरबत पिऊन परतलो. तिसऱ्यांदा तर कमालच केली, त्यांच्या मापाची स्तुती करून आलो. शेवटी मनाचं समाधान म्हणून एका दुपारी मी स्वतः एका खड्ड्यात दोन हंडे पाणी ओतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन बघतो तर पाणी जिथल्या तिथे, आणि दोन चिमण्या त्यात आंघोळ करताहेत.

मी धावत सुटलो. प्रोफेसर ओसरीवर मऊ भात खात बसले होते. मी दारातूनच म्हणालो, "सर, आपलं माप चुकलंय."

हातातला घास तसाच ठेवून ते उठले. कातळावर आले, धोतर गुडघ्यापर्यंत खोचून त्या खड्ड्यात उतरले, पाण्यात हात घालून तळ चाचपला, आणि हसायला लागले. मनापासून, पोट धरून. "पंचवीस वर्षं मी काळ्या मातीतले खड्डे शिकवले," ते म्हणाले. "तिथे पाणी राहावं म्हणून खणतात. इथे ते जावं म्हणून खणायला हवं. किती सुंदर उलटं आहे हे, मास्तर. मला कुणी सांगितलंच नाही." स्वतःची चूक सापडल्याचा इतका आनंद झालेला माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता, नंतरही नाही. मलाही हसू यायला लागलं. मग त्यांनी सहज विचारलं, "तुला कधी कळलं?"

आम्हाला धावताना बघून मुकादमही तिथे येऊन उभा होता. खोटं बोलायची सोय नव्हती. "आठ दिवस झाले," मी म्हटलं.

त्यांचं हसू थांबलं. "मृगाला किती दिवस राहिले?"

"नऊ."

"म्हणजे सतरा होते. त्यातले आठ तू खाल्लेस." आवाज चढला नव्हता, ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं. "चूक माझी होती. ती माझ्या हातात द्यायची सोडून तू आठ दिवस घरी नेऊन ठेवलीस. मला मान दिलास आणि झाडं मारायला निघालास."

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. पण शरमेला वेळच नव्हता, कारण पुढच्याच क्षणी ते मुकादमाकडे वळून विचारत होते, "आता काय करायचं, तुम्ही सांगा." मुकादम म्हणाला, सगळा कातळ सारखा नसतो, कुठे कुठे खाली भेग असते. आधी प्रत्येक खड्डा पाणी पितो का ते बघावं लागेल. म्हणजे साठ खड्ड्यांत प्रत्येकी दोन हंडे पाणी, आणि तेही ऐन उन्हाळ्याच्या शेवटी.

आणि मग जी धमाल उडाली. मी घरोघर फिरलो. सुट्टीत घरी असलेल्या शाळेतल्या मुली आल्या, त्यांच्या आया आल्या. प्रोफेसर दगडाला पाणी पाजतोय अशी बोंब होऊन निम्मा गाव बघायला लोटला. एक आजी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आमची हीर तळाला गेली आनि तुमी पानी कातळाक घालताव?" प्रोफेसर म्हणाले, "आजी, दोन हंडे आज द्या. सावली तुमच्या नातीच्या नावावर लिहून देतो." आजीने नाक मुरडलं, पण हंडा दिला. विहिरीपासून कातळापर्यंत माणसांची रांग लागली. पाणी ओतून झालं की मी प्रत्येक खड्ड्यात उतरून आतल्या भिंतीवर पाण्याच्या पातळीशी कोळशाने खूण करत गेलो.

दुसऱ्या दिवशी उजाडताच आम्ही सगळे कातळावर. मुली एकेका खड्ड्याशी जाऊन ओरडत होत्या, "गेलं", "हाय", "गेलं", "गेलं". अडतीस खड्डे पाणी प्यायले होते. बावीसांनी थेंबही सोडला नव्हता. त्या बावीसांतून उताराच्या कडेपर्यंत चर खोदून पाणी बाहेर काढून द्यायचं, असं मुकादमाने ठरवलं. कोळशाचा तुकडा घेऊन तो कातळ बघत चालायचा आणि रेघ ओढायचा. मापाच्या दोरीचं दुसरं टोक धरून प्रोफेसर मागे. जन्मभर शिकवलेला माणूस त्या म्हाताऱ्याला दर चार पावलांवर विचारत होता, "इथून का? तिथून का नाही?" माझ्या सरळ ओळींचा पार बोऱ्या वाजला. वाटा आता चरांच्या कडेने वळत वळत गेल्या, आणि खरं सांगायचं तर आधीपेक्षा देखण्या दिसायला लागल्या. मी स्वतः पहार घेऊन उतरलो होतो. तळहाताची कातडी गेली, पण त्या दिवसांत जितका जिवंत होतो तितका फार कमी वेळा होतो.

पाऊस एक दिवस आधी आला. बावीसांतल्या एकोणीस खड्ड्यांचे चर झाले होते, तीन राहिले. रोपांची मुळं टोपल्यांबाहेर आलेली, थांबता येण्यासारखं नव्हतं. साठही लावली. श्रावणापर्यंत सत्तावन्न रोपांना नवी पालवी फुटली, आणि त्या तीन खड्ड्यांतली तीन कुजली. दोन बकुळी आणि एक सुरंगी. प्रोफेसरांनी शाळेत जाऊन काचेतला आराखडा उतरवला, तांबड्या पेन्सिलीने नवे चर आणि वाटा काढल्या, आणि कोपऱ्यात लिहिलं: खड्ड्याचं माप चुकलं, मी. आठ दिवस गेले, मास्तर. पाणी कुठून जाईल ते सांगितलं, मुकादम.

प्रतिष्ठितांनी नवा स्वच्छ आराखडा मागितला, तर म्हणाले, "हाच स्वच्छ आहे." मुकादमाला वाचता येत नव्हतं, पण त्याने एका मुलीकडून तो कोपरा दोनदा वाचून घेतला. मी मात्र त्या कचेरीवरून जायचं बंद केलं.

चार वर्षांनी त्यांच्या मुलीने त्यांना देशावर न्यायचं ठरवलं. तोवर मुली डबे घेऊन त्या झाडांखाली बसायला लागल्या होत्या. निघायच्या आदल्या दिवशी मी गेलो तेव्हा बांधाबांध झाली होती, आणि रिकाम्या खोलीत ते जमिनीवर एक कागद पसरून बसले होते. मुलीच्या घराच्या अंगणाची आखणी. विहिरीपासून स्वयंपाकघरापर्यंत शेवंतीच्या ताटव्याला वळसा घालून जाणारी सुरेख वाट काढली होती.

"ही वाट चुकली, सर," मी उभ्या उभ्याच म्हणालो. "भरली घागर कमरेवर घेऊन कुणी बाई इतका वळसा घालणार नाही. चार दिवसांत शेवंतीतून सरळ पायवाट पडेल."

त्यांनी खिशातलं घड्याळ काढलं, त्याच्याकडे बघितलं, आणि मग माझ्याकडे.

"अर्धं मिनिटही लागलं नाही," ते म्हणाले.

आपली वाट त्यांनी रबराने पुसून टाकली आणि पेन्सिल माझ्यापुढे धरली. मी खाली बसलो आणि विहिरीपासून दारापर्यंत रेघ ओढली. ती जरा वाकडी आली, कारण मला कागद नीट दिसत नव्हता.