पांघरुणाखालची बॅटरी

लग्नानंतर आम्ही दौंडला खोली घेतली, तेव्हा तिथं एकच सॉकेट होतं आणि टेबलफॅनच्या वायरीला पिन नव्हती. दोन उघड्या तारा भोकांत घालायच्या, हलू नयेत म्हणून काडेपेटीच्या दोन काड्या ठोकायच्या, झालं. आमचे हे कुरकुंभच्या एका कंपनीत इलेक्ट्रिशियन. पाळीवरून आले की आधी माझ्या काड्या उपटायचे, मग चपला काढायचे. त्यांची पाठ वळली की मी परत ठोकायची. अशी बाई म्हातारपणी तरी सुधारेल, असं कुणालाही वाटेल. ती सुधारली नाही, उलट जहाजापर्यंत जाऊन पोचली. आता हे नाहीत. मला बोलणारं कुणी उरलं नाही, म्हणून माझं मीच लिहून ठेवते.

ह्यांची फुप्फुसं सुकत चालली होती. नाकात नळी आणि नळीचं दुसरं टोक ऑक्सिजनच्या मशीनला. मशीन खांद्याला अडकवता येईल एवढं. ते भिंतीतल्या लायटीवर चालायचं, नाहीतर बॅटरीवर. बॅटरी भरलेली असली की तीन तास कुठंही फिरा, नसली की माणूस भिंतीला बांधलेला. आणि बॅटरी एकच होती.

ह्यांची एकच इच्छा राहिली होती. जन्म भीमेच्या काठी गेला. कितीही पूर आला तरी पलीकडची झाडं दिसायचीच. एकदा काठ नसलेलं पाणी बघायचं होतं. आमची लेक शिरूरला शाळेत शिकवते. तिनं मनावर घेतलं आणि मुंबईहून सुटणाऱ्या जहाजाची आम्हा तिघांसाठी तीन दिवसांची फेरी ठरवली. मधला दिवस सगळा समुद्रात. डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं, नेणार असाल तर आत्ताच न्या.

मशीनचं लेकीनं जहाजवाल्यांना आधीच कळवलं होतं. मी आपली शहाणी. घरचा एक्स्टेन्शन बोर्ड पिशवीत घातला आणि एका सॉकेटाची तीन करणारा स्वयंपाकघरातला जुना थ्री-वे लाडवांच्या डब्यात लपवला. बंदरावर तपासणीत बोर्ड काढून घेतला. असल्या बोर्डांनी आग लागते आणि समुद्रात पळायला जागा नसते, असं त्यांचं म्हणणं. मी मान डोलावली. लाडवांचा डबा मात्र तसाच आत गेला आणि मला गड जिंकल्यासारखं झालं.

जहाजावरच्या आमच्या खोलीला खिडकी नव्हती. आपली पिन बसेल असं सॉकेटही एकच. खोली आवरणारा माणूस भला होता. म्हणाला, "अम्मा, वायर चाहिए तो बोलना, जहाज का देंगे." मी नको म्हणाले. बोर्ड नेला, आता आमच्याकडं आणखी काय काय आहे ते हा बघून ठेवतोय, असं माझ्या डोक्यात.

पहिला दिवस हे प्रवासानं दमून झोपून राहिले. बॅटरी वाटेतच संपली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी थ्री-वे लावला. एका भोकात ह्यांचं मशीन, दुसऱ्यात बॅटरीचा चार्जर. तासा-दोन तासांत बॅटरी भरली की वर डेकवर जायचं ठरलं होतं. ह्यांचा डोळा लागला होता. लेकीबरोबर नाश्त्याला निघताना माझ्या मनात आलं, तो माणूस येईल, बॅटरी बघेल आणि तीही घेऊन जाईल. म्हणून चार्जरसकट बॅटरी पलंगावर, ह्यांच्या पायाशी ठेवली आणि वर पांघरूण घातलं. दाराजवळ किल्लीचं कार्ड खोचलेलं असलं तरच खोलीतली लाईट राहते. ते कार्ड तर बरोबर न्यायचं. मग त्या जागी मी एसटीचं अर्ध्या तिकिटाचं कार्ड खोचलं. लाईट राहिली. काय छाती फुगली म्हणता त्या बाईची.

परत आलो तर दार उघडं, बाहेर तीन माणसं आणि प्लॅस्टिक जळाल्याचा वास. खोली आवरायला आलेल्या त्या माणसानंच वास ओळखून पिन ओढली होती. थ्री-वे एका बाजूनं वितळला होता. पांघरुणाला भाजल्याचा तपकिरी डाग. बॅटरी टम्म फुगलेली. ती त्यांनी वाळूच्या बादलीत घालून नेली. त्यांतला जहाजाचा अधिकारी लेकीशी इंग्रजीत बराच वेळ बोलला. तिनं मला एवढंच सांगितलं, "आई, शेजारी ऑक्सिजन चालू होता गं." ह्यांना तर त्या माणसानं हलवल्यावर जाग आली होती.

लेक जहाजाच्या डॉक्टरकडं गेली. त्यानं ह्यांच्या बोटाला यंत्र लावलं, आकडा बघितला आणि मशीनशिवाय वर न्यायचं नाही म्हणाला. सिलिंडर होता, पण तो जिवावर बेतलं तरच वापरायचा. जहाजाची वायर मात्र मागताक्षणी मिळाली. ती खोलीच्या दारापर्यंत पुरत होती. ह्यांनी खुर्ची दारात घ्यायला लावली आणि तिथं बसून राहिले. समोरून लोक ओल्या केसांनी, खांद्यावर टॉवेल टाकून वरून येत होते.

माझ्याकडं वळून म्हणाले, "पांघरूण तू घातलंस?"

"व्हय."

"कशापायी?"

"बॅटरी बी घिऊन जातील म्हनून."

ते हसले. हसताना ढास लागली, ती लवकर थांबेना. थांबल्यावर म्हणाले, "घिऊन गेलेच की गं."

मग मला म्हणाले, तू तरी वर जाऊन ये, नीट बघ आणि मला येऊन सांग. मी निघाले. जिन्यापाशी बाकडं होतं, तिथवर गेले. वरून उजेड येत होता. तिथंच बसले आणि वर जाऊन यायला लागेल एवढा वेळ काढून परत आले.

"काय दिसलं?"

"पानी. जिकडं बघावं तिकडं पानीच."

"काठ?"

"न्हाई कुठंच."

"आन् वारं?"

"लई. उभं ऱ्हाऊ दीना."

त्यांनी माझ्या डोक्याकडं बघितलं. सकाळी तेल लावून घातलेला अंबाडा होता, पदर जागच्या जागी होता.

"अंबाडा बरा ऱ्हायला तुजा."

"घट्ट बांधला हुता," मी म्हणाले.

"आसंल," ते म्हणाले आणि नाकातली नळी नीट करून परत बोळाकडं बघत बसले.