गुडघा बरा झाला का मोटरसायकलनं वाचवला?

बायांनो, माझं डोकं चालंना, तुमीच सांगा.

मागचं सारं वर्ष या गुडघ्यानं खाल्लं. आता कुठं मॅरेथॉनचा सराव पुन्हा सुरू केला. शिकवणारी पोरगी फोनवर म्हणते, "मावशी, थोडं पळा, थोडं चाला. दुखलं न्हाई तरच वाढवू." मला कुठला एवढा धीर!

आज सकाळी कनेरगाव नाक्याच्या रस्त्यानं गेले. परत येताना माझी चालायची पाळी होती, तेवढ्यात मागून चुलत दीर मोटरसायकलवर आले.

"वहिनी, पायी काहून? बसा."

"सराव करून राहिले, भाऊजी."

"चालायचा कसला सराव? लोक म्हणतील, दिरानं वहिनीला रस्त्यात सोडलं. बसा!"

बसले. न्हाई म्हणलं असतं तर भावकीत रुसवा झाला असता.

घरी आले तरी गुडघा गप्प. वर्षात पहिल्यांदा! खुश व्हावं का न्हाई, तेच कळंना. अर्धा रस्ता तर गाडीवर आले. पोरीला "दुखला न्हाई" सांगितलं तर उद्या ती वाढवणार. खरं सांगितलं तर आजचा दिवस फुकट.

काय सांगू तिला? आन् उद्या चालताना पुन्हा भाऊजी दिसले तर काय करू, पळत सुटू?